आप्पांची शीळ

१७ मे १९९९. कुरडयांचा दिवस होता. गव्हाचा चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून उतरतो, त्यामुळे एकदा बसलं की उठता येत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं.

आधीच लिहून ठेवते... असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. कुणाच्या अंगात आलं की मी पाण्याचा तांब्या पुढे करणारी बाई.

आमचं घर राहू गावाच्या बाहेर, मळ्यात. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला ओढा, खाली नदी. नवरा दौंडला रेल्वेत. घरी मी, वीस-बावीस मेंढरं आणि सासरे – आप्पा. तरुणपणी आप्पा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. घाटातल्या दाट रानात चिमणीएवढं एक तपकिरी पाखरू होतं, त्याची शीळ त्यांनी उचलली होती. उतरत जाणारे चार सूर. आमच्यात प्रत्येक घराची शीळ वेगळी असते आणि मेंढरं दुसऱ्याच्या शिळेला मान वर करत नाहीत. पुढचे दोन दात पडल्यापासून आप्पांच्या चौथ्या सुरात हवा फुसकन निघायची. तरी मेंढरं यायची.

वर्षभर त्यांना विसर पडत होता. त्या दुपारी लिंबाखाली बाजेवरून त्यांनी तीनदा विचारलं,

"मेंढरं निघाली का कोकणात?"

"आप्पा, पडा जरा."

"सून हाय का फौजदार? निघाली का, त्ये सांग."

हातात सोऱ्या, चीक गार होत चाललेला. मी म्हटलं, "कवाच निघाली. झोपा आता."

अर्ध्या तासानं मान वर केली तर बाज रिकामी. काठी नाही, घोंगडीही नाही.

मी वस्तीवर ओरडले. दौंडला फोन गेला, हे पाच वाजेपर्यंत पोचले. पंधरा-वीस माणसं नदीकडे गेली, बाकीचे उसात. मेमधला उभा ऊस... चार हातांवरचा माणूस दिसत नाही. हाका मारून घसा बसला.

साडेसहाच्या सुमारास ओढ्याकडून शीळ आली. चार सूर, आणि शेवटी फुस्स.

वाघरीतली, म्हणजे जाळीच्या कुंपणातली, मेंढरं एकदम उठली. जाळी पाडून ओढ्याच्या बाभळीकडे धावली.

"आप्पाच हाय!" शेजारचे धोंडीमामा ओरडले. "मेंढरं चुकत्यात व्हय? या रं माघारी, सापडलं म्हातारं!"

मीही ओरडले. सगळ्यात मोठ्यानं मीच. नदीवरची सगळी माणसं परत आली.

बाभळीखाली मेंढरं माना वर करून उभी होती. आप्पा नव्हते. फांदीवर एक पाखरू – पाठ तपकिरी, डोकं राखाडी, गळा फुगवून शीळ घालत होतं. फुस्ससुद्धा. ह्यांनी ढेकूळ मारलं, तरी हललं नाही.

"अहो, नदीवर चला परत," मी म्हणाले. पण तोवर अंधार पडला होता. बॅटऱ्या दोनच होत्या.

आप्पा आजतागायत सापडले नाहीत. पुढे शिरूरच्या एका शाळेत पक्ष्यांचा नाद असलेले सर भेटले. त्यांनी पुस्तकात तेच पाखरू दाखवलं. घाटातल्या सदाहरित जंगलाबाहेर ते येत नाही म्हणाले, तुमच्या माळावर मे महिन्यात कसं येईल? कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलं असेल.

"आणि दात, सर? पाखराचे दात कसे पडले?"

सर म्हणाले, चहा घ्या.

पाखरू आप्पांचा माग सांगायला आलं होतं, की आम्हाला नदीवरून हलवायला? मला ठरवता आलेलं नाही. एवढंच ठाऊक आहे, की 'कवाच निघाली' हे वाक्य मी बोलले होते.

१८ मेच्या सकाळी, पोलिसांत जायच्या आधी, मी वाघर उघडली. मेंढरं ओढ्याकाठी नेली. पाखरू नव्हतं. उसाकडे तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले,

"आप्पा, मेंढरं हितंच हाईत! निघाली न्हाईत अजून!"