विटांचा भुगा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मुलाजवळ नाही, आणि ज्यांच्यासोबत तीस वर्षं एका शाळेत काढली त्या मास्तर मंडळींजवळही नाही. ज्या माणसाला हे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, ते माणूस आत्ता आतल्या खोलीत दुपारचं जरा आडवं झालेलं आहे. आणि मी बाहेर टेबलाशी बसून तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, बहुधा म्हणूनच.

गोष्ट मोठी नाही. तुम्ही ऐकून म्हणाल, एवढंच? मीही इतकी वर्षं स्वतःला हेच म्हणत आलो. एवढंच तर आहे. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर मोडलं नाही. मग पाणी भरताना, दाढी करताना, मधूनच ते का आठवतं?

मी लोणारला भूगोल शिकवायचो. आता निवृत्त आहे. बायकोचं नाव शोभा. माहेर धामणगाव बढे, मोताळ्याकडचं. तिचे वडील वीटभट्टीवर कामाला होते — भट्टी दुसऱ्याची, हे फक्त राबायचे. शोभा सातवीपर्यंत शिकली आणि मग तीही भट्टीवर जायला लागली, लग्न होईपर्यंत. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

टेनिसचा नाद तिला लागला तो माझ्यामुळंच. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. मे महिना. डॉक्टरांनी दोन महिने पडून राहायला सांगितलेलं. मुलगा अमोल पुण्याला शिकत होता. मला शाळेची सुट्टी होती, पण म्हणून मी घरी बसत होतो असं नाही. सकाळी तिला चहा-पाणी दिलं, टीव्ही लावून दिला, की मी निघालो. एके दिवशी क्रिकेट बघता बघता उठलो आणि रिमोट टीव्हीच्या वरच ठेवून गेलो. तिला उठता येत नव्हतं. क्रिकेट संपलं, त्या चॅनलवर टेनिस सुरू झालं आणि ती ते बघत पडून राहिली. दुसरं करणार काय?

संध्याकाळी मी आलो तर म्हणाली, "हे एक पोट्टं हाये पाहा. बॉल हातचा गेला असं वाटते, तरी पयते. सोडतच नाही."

तेच ते. त्याचं नाव मी इथं घेत नाही. नाव तिनंही कधी नीट घेतलं नाही, जिभेवर बसायचंच नाही तिच्या. ती त्याला 'आपला' म्हणायची. आपला आज खेळते काय? आपला जिंकला. लाल मातीवर त्याला हरवणं म्हणजे अशक्य, असं तेव्हा सगळं जग म्हणत होतं. शोभाला जगाचं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की हा माणूस पडतो, उठतो, रॅकेटनं बुटाची माती झाडतो आणि पुन्हा उभा राहतो.

पाठ बरी झाली, पण नाद राहिला. दरवर्षी मे महिना संपता संपता ते पंधरा दिवस आले, की तिचं स्वयंपाकाचं वेळापत्रक बदलायचं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आज त्याचा सामना कुणाशी, कोण हरलं, कोण राहिलं, हे पेन्सिलीनं लिहून ठेवायची. खेळातले गुण कसे मोजतात ते तिचं तिनंच शिकून घेतलं. एकदा मला विचारलं, "पंधरा झाले, तीस झाले, मंग चाळीस काऊन? पंचेचाळीस पायजे न?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "असतो तसा नियम."

खरं सांगू? मला तेव्हापासूनच ते टोचायला लागलं होतं. सामन्यात ती त्याच्याशी बोलायची. "दम धर, बापा. दम धर." एखादा फटका बसला, की टाळी वाजवून हसायची. इतक्या वर्षांच्या संसारात मी ते हसू ऐकलं नव्हतं. मला वाटलं होतं, तिला तसं हसता येतच नाही. आता प्रश्न असा — बायको हसते याचा कुणाला राग येतो का? मला आला. दर उन्हाळ्यात थोडा थोडा येत गेला.

तो शेवटचं खेळला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शाळेतली चार-पाच मंडळी घरी आली होती. टीव्ही चालू होता. चहाचे कप ठेवता ठेवता शोभा सहज म्हणाली, "हे माती नाही. इटायचा भुगा हाये हा. भट्टीवर असाच उडते."

मी मोठ्यानं हसलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "आमच्या मंडळींना सगळीकडं विटाच दिसतात. बाप भट्टीवर होता ना." आणि मग तांबडी माती म्हणजे काय, ती कुठं कुठं सापडते, यावर पाच मिनिटं बोललो. मंडळी हसली. शोभाही हसली, पदराला हात पुसले आणि आत गेली.

पंधरा दिवसांनी शाळेत पेपर वाचत होतो. त्यात त्या मैदानाची माहिती आली होती. खाली दगडगोट्यांचे थर, आणि सगळ्यांत वर विटा दळून केलेली भुकटी. लाल रंग तिचाच. मी ते दोनदा वाचलं. पेपरची घडी केली आणि कपाटावर टाकून दिला. घरी येऊन काही बोललो नाही. बोलायला काय हरकत होती? "तू बरोबर होतीस" — एवढे तीन शब्द. वर्गात मुलांना मी सांगायचो, चूक झाली तर कबूल करावी. मुलं माना डोलवायची.

मग ते वर्ष आलं. त्याचं हे शेवटचंच, असं बातम्यांत सांगत होते. गुडघे, वय, जे काय असेल ते. शोभानं त्या वर्षी एकही सामना सोडला नाही. पहिल्याच फेरीत तो हरता हरता वाचला, तेव्हा ती उभी राहून बघत होती. शुक्रवारी तो उपांत्य सामना जिंकला. तेवढ्यात अमोलचा फोन आला. तिनं स्पीकरवर टाकला.

"आई, तू म्हणायचीस ना विटांचा भुगा? खरंच तोच असतो. आमच्या ऑफिसात एकजण तिथं जाऊन आलाय, त्यानं सांगितलं." आणि मग हसत म्हणाला, "बाबा, तुम्ही तर भूगोलाचे!"

शोभानं माझ्याकडं बघितलं. ती हसली नाही. 'पाह्यलं?' म्हणाली नाही. नुसतं बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडं वळली. ती टाकून बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं. पण हे मी तिच्यावर कशाला ढकलतोय? तिनं काहीच केलं नव्हतं.

रविवारी अंतिम सामना. साडेसहाला सुरू होणार होता. तिनं पोळ्या चारलाच करून ठेवल्या. न्हाऊन घेतलं. टीव्हीसमोरची खुर्ची पुसली आणि मला म्हणाली, "आज बातम्या नका लावू बरं. आजच्या दिवस."

मी हो म्हणालो.

सव्वासहाला, पाण्याची टाकी बघून येतो असं सांगून मी गच्चीवर गेलो. टीव्हीची छत्री तिथंच कठड्याला लावलेली आहे. तिच्या मागची वायर मी काढली. पिन गंजली होती, हातानं निघेना. मी खाली आलो, पकड घेतली आणि पुन्हा वर गेलो. हे तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण रागाच्या भरात झालं असं म्हणायला मला जागा नाही. एक जिना उतरून पुन्हा चढण्याएवढा वेळ मला मिळाला होता. त्या वेळात माणूस थांबू शकतो. मी थांबलो नाही.

खाली टीव्हीवर 'सिग्नल नाही' अशी पाटी आली होती. शोभा रिमोट दाबून बघत होती. मी तिच्या हातून रिमोट घेतला, खटपट केल्यासारखं केलं. फोन कानाला लावला. नंबर लावलाच नव्हता. "वरूनच बंद आहे म्हणतात. उद्या होईल."

"तुमच्या फोनवर दिसन काय?"

"चार्जिंग नाही," मी म्हणालो. फोन खिशात टाकला.

ती काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. शेजाऱ्यांकडं जायचा प्रश्न नव्हता, त्यांच्याकडं सोयरीक जुळवायला पाहुणे आलेले. मग उठली. "मी जराशी जाऊन येते," म्हणाली आणि चप्पल घालून निघाली. कुठं, ते मी विचारलं नाही.

घरात मला बसवेना. तासाभरानं गाडी काढली आणि उगाच बसस्टँडच्या रस्त्यानं निघालो. तिथं रफिकभाईंचं टीव्ही-पंख्यांचं दुकान आहे. दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला, शोभा उभी होती. डोक्यावर पदर, पायात घरातली चप्पल. काचेतून आत बघत होती. रफिकभाई बाहेर आले, तिला काहीतरी विचारलं, आत गेले. त्यांनी एक टीव्ही रस्त्याच्या बाजूला फिरवला आणि पायरीवर प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. "बैठो भाभी, आरामसे देखो." ती अगदी टोकावर बसली.

समोरच्या पानठेल्यावर दोघं-तिघं होते. एकजण म्हणाला, "मास्तरीणबाई टेनिस पाहून राह्यल्या, बे." बाकीचे हसले. ते माझ्या कानावर आलं, म्हणजे तिच्याही आलंच असणार. ती हलली नाही. तेवढ्यात पडद्यावर काहीतरी झालं. तिचे दोन्ही हात टाळीसाठी वर आले आणि तिथंच थांबले. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हात हळूच मांडीवर ठेवले.

मी चाळीस पावलांवर होतो. गाडी बंद करून मला तिथं जाता आलं असतं. नुसतं तिच्या शेजारी जाऊन उभं राहता आलं असतं. वायरीचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. त्या पानठेल्यावाल्यांना एवढं दिसलं असतं, की मास्तर सोबत आहेत. मी गाडी वळवली आणि बोळातून घरी आलो.

ती साडेनऊला आली.

"कुठं गेली होतीस?" मी विचारलं.

चप्पल काढता काढता ती म्हणाली, "देवीच्या देवळात. भजन होतं."

तिचे डोळे रडलेले होते. पण चेहऱ्यावर काहीतरी होतं, तिनं ते आत धरून ठेवलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला कुणालातरी काहीतरी सांगायचं होतं, आणि समोर मी होतो. आणि मी — ती कुठं होती ते मला माहीत होतं — मी म्हणालो, "मग प्रसाद नाही आणला?"

"इसरली," ती म्हणाली आणि ताट वाढायला गेली.

वायर काढल्याचं कधीकधी मी विसरतोही. हे वाक्य विसरता येत नाही. ते बोलायची काय गरज होती?

तो जिंकल्याचं मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. चषक छातीशी धरून रडतानाचा फोटो होता. ते पान शोभानं कपाटात साड्यांखाली अंथरलं. सोमवारी मी गच्चीवर जाऊन वायर लावली आणि म्हणालो, "आलं बघ." ती म्हणाली, "बरं झालं."

पुढच्या वर्षी ते पंधरा दिवस आले आणि गेले. तिनं टीव्ही लावला नाही. अमोलला फोनवर सांगितलं, "आता आपला कोठं खेळते?" मी ते धरून बसलो. तो खेळत नाही म्हणून ही बघत नाही, दुसरं काही नाही. पटलं मला. पटवून घेतलं.

त्यानंतर वर्षभरानं टीव्ही खरोखरच बंद पडला. छत्री दुरुस्त करणारा आला, चाळिशीचा, जवळच्या बीबी गावचा माणूस. आम्ही दोघंही त्याच्याबरोबर गच्चीवर गेलो. त्यानं पिन उलटीसुलटी करून बघितली. म्हणाला, "काका, हे कोणं पकडीनं पिळलं? आटेच गेले हिचे."

मी काही बोलायच्या आत शोभा म्हणाली, "माकडं येतेत न गच्चीवर. त्याहीनंच ओढलं असन."

तो हसला. "माकडाजोळ पकड असते काय, काकू?"

शोभा माझ्याकडं वळली. रागानं नाही. मी काही बोलतो का, म्हणून ती थांबली. तो माणूस नवी पिन बसवत होता. तिला माहीत होतं. कधीपासून, ते मी अजून विचारलेलं नाही.

मी म्हणालो, "यांच्यासाठी चहा टाक."

ती खाली गेली आणि तिनं चहा टाकला.