खणातली तीन पत्रं

"दादानं तुला फिनलंडला पाठवलं, नशीब लागतं," असं पनवेलात जो तो मला सांगायचा. मीही मान डोलवायचे. आज ते वाक्य नुसतं आठवलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

साठच्या दशकातली गोष्ट. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. वय चोवीस, लग्न झालेलं नव्हतं. आमचं घर शेतकऱ्याचं. खाडीच्या अंगाला थोडी भातशेती होती आणि मिठागरात वाटा होता. वडील गेल्यावर थोरला भाऊ घरचा कर्ता झाला. तो कचेरीत कारकून होता, इंग्रजी टाईप करायचा आणि घरातही अर्जाच्या भाषेत बोलायचा. घरात आई, वहिनी आणि आमची धाकटी. धाकटी सोळा वर्षांची, मॅट्रिकच्या वर्षात जाणारी. तिची भूमिती मीच करून घेतली होती. आदल्या वर्षी तिला स्थळ सांगून आलं, तेव्हा मी पाहुण्यांच्या तोंडावर सांगितलं की मॅट्रिक झाल्याशिवाय ही मुलगी कुठेही जाणार नाही. पाहुणे चहा टाकून उठले. दादा त्यावर चकार शब्द बोलला नाही. मला वाटलं, त्याला पटलं. केवढी मूर्ख होते मी!

पुढच्याच वर्षी एका संस्थेची जाहिरात त्यानंच कापून आणली. तरुण शिक्षकांनी तीन महिने परदेशातल्या एखाद्या कुटुंबात राहायचं, अशी योजना होती. अर्ज त्यानं टाईप केला, पासपोर्टसाठी मुंबईच्या खेपा त्यानं घातल्या. "जा तू. अशी संधी परत येत नाही. इकडची काळजी माझ्यावर सोड," म्हणाला. विमानतळावर मी त्याच्या पाया पडले.

माझं यजमान कुटुंब तिघांचं. नवरा इंजिनिअर, बायको माझ्यासारखीच शिक्षिका, आणि बारा वर्षांची मुलगी. उन्हाळा लागला की तिकडे शहरातली माणसं लाकडी झोपडीत राहायला जातात. ह्यांच्या दोन होत्या. एक बाईंच्या माहेरची, तळ्याकाठी. दुसरी नवऱ्याच्या घरची, समुद्रातल्या एका लहानशा बेटावर. जून महिना तळ्यावर आणि पुढचे दोन महिने समुद्रावर, असा त्यांचा शिरस्ता होता.

तळ्याकाठी वीज नव्हती, नळ नव्हता. पाणी बादलीनं आणायचं, लाकडं फोडायची, संडास लांब झाडीत. बाईंना वाटलं, मला जड जाईल. मला हसू आलं. आमच्याकडे याहून वेगळं काय होतं? सतरंज्या धक्क्यावर पसरून ब्रशनं घासायच्या, तळ्यात बुचकळायच्या, हे काम मी पहिल्याच दिवशी मागून घेतलं. सौना म्हणजे तळ्याच्या कडेची, निखाऱ्यासारखे दगड तापवलेली खोली. त्यात घाम निथळेपर्यंत बसायचं आणि धावत जाऊन थंड पाण्यात उडी टाकायची. पहिल्या दिवशी मी साडी नेसूनच आत गेले आणि चिंब होऊन बाहेर आले. मुलगी पोट धरधरून हसली, बाईही हसल्या. त्यांच्या गोड पावात वेलदोडा असायचा. त्या परक्या घरात सकाळी वेलदोड्याचा वास आला की मला होळीला पुरण शिजतानाचं आमचं घर आठवायचं.

नवरा आठवडाभर शहरात नोकरीला असायचा. शनिवारी गाडीतून यायचा आणि पाव, कॉफी, वर्तमानपत्रं आणि टपाल घेऊन यायचा. माझं टपाल शहरातल्या पत्त्यावर येत होतं. दर शनिवारी दादाचं टाईप केलेलं पत्र मिळायचं. सर्व क्षेम. पाऊस वेळेवर. धाकटी अभ्यासात मग्न. "ती लिहीत का नाही?" असं मी विचारलं, तर उत्तर आलं की मॅट्रिकचं वर्ष आहे, तिला वेळ नाही. मला अभिमान वाटला. मी तिला तळ्याचं चित्र असलेली कार्डं पाठवत राहिले. सौनाची गंमत लिहिली, पाण्यातल्या उडीचं लिहिलं.

जुलै लागला तशी नवऱ्याला सुट्टी लागली आणि आम्ही समुद्रावर गेलो. लहानशा मोटरबोटीतून बेटावर उतरलो. तिथे नवऱ्याची आई राहायची. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. सकाळी जाळ्यातली मासळी काढायला ती मला शेजारी बसवायची. मी पाणी तोंडात घेऊन पाहिलं. अळणी! नवऱ्याला म्हटलं, "ह्या पाण्यातून आमच्या मिठागरात मूठभर मीठ निघणार नाही." तो मोकळेपणानं हसला. माणूस दिसायला सरळ, बोलायला मृदू. म्हणून तर राग जास्त येतो.

चौथ्या की पाचव्या दिवशी पाहुणे यायचे होते. म्हातारी टेबलावरचं कापड काढायला कपाटापाशी गेली. खालचा खण उघडला आणि ती तशीच उभी राहिली. मग वळली आणि सरळ माझ्यापाशी आली. तिच्या हातात तीन पाकिटं होती. त्यांवर आपली तिकिटं होती आणि धाकटीचं अक्षर होतं. "सिनुन," म्हातारी म्हणाली. तुझं. एवढा शब्द मला कळत होता.

तिन्ही पाकिटं बंद होती. मी ती पायरीवर बसून फोडली.

पहिल्यात होतं: "ताई, दादानं आपटे गावचं स्थळ ठरवलंय. माणूस तिशीचा हाय, पहिली बायको वारली. मला नाय जायचं. तू दादाला पत्र लिही. तुझंच तो ऐकेल." दुसऱ्यात: "शाळेतून नाव काढलं. आई रडते पण बोलत नाय. ताई, तार कर. तारेला सगळे घाबरतात." तिसऱ्यात तीनच ओळी होत्या. "चातुर्मास लागायच्या आत उरकायचं ठरलं. तारीख पक्की झाली. तुला पत्र मिळत नसेल का?" तारीख खाली लिहिली होती. ती उलटून आठ दिवस झाले होते. पहिलं पत्र शहरात पोचलं होतं ते जूनच्या मध्यावर, शिक्का स्पष्ट होता. म्हणजे तार करायला माझ्याकडे दोन आठवडे होते. त्या दोन आठवड्यांत मी सतरंज्या धूत होते.

नवरा धक्क्यावर बोट बांधत होता. मी पाकिटं त्याच्यासमोर धरली. त्याचा चेहरा उतरला.

"ही तुमच्याकडे कशी?"

"तुझ्या भावाचं पत्र आलं होतं," तो इंग्रजीत, हळूहळू बोलला. "त्यानं लिहिलं, धाकटी बहीण हळव्या स्वभावाची आहे, तिच्या पत्रांनी तुला त्रास होईल. टाईप केलेली पत्रं तुला द्यावीत, हातानं लिहिलेली लग्न होईपर्यंत ठेवून घ्यावीत."

"म्हणजे लग्न आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. मला वाटलं, आनंदाची गोष्ट आहे. तुला नंतर कळवतील."

"लग्न तर होऊन गेलं. मग पत्रं अजून खणात का?"

तो दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला. मग म्हणाला, "द्यायचीच होती, म्हणून तर इथे घेऊन आलो. कसं द्यावं ते कळेना. तुमच्याकडे थोरल्या भावाचा शब्द शेवटचा असतो, असं मला समजलं होतं."

"कुणाकडून समजलं?"

"त्याच्याच पत्रातून."

मला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं. खरंच वाटलं. ही माणसं मला पहिल्या दिवसापासून सांगत होती की आम्ही दुसऱ्याचं पाकीट उघडत नाही, दुसऱ्याच्या खोलीत न विचारता जात नाही. आणि यानं पाकिटं उघडली नव्हतीच! नुसती ठेवून दिली, नीट, एकावर एक. स्वतःच्या घरी जे चोरी ठरलं असतं, ते माझ्या बाबतीत आमच्या रीतीभातीचा मान राखणं झालं.

"तुमच्या मुलीला कुणी पत्र लिहिलं असतं, तर ठेवलं असतंत?" मी ओरडले. आवाज बेटभर गेला असणार. बाई धावत आल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नवऱ्याला त्यांच्या भाषेत एक प्रश्न विचारला, त्यानं खाली बघून उत्तर दिलं. बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी त्याच्या हातातली बोटीची दोरी काढून घेतली आणि मला म्हणाल्या, "बोटीत बस. तारघर पाचला बंद होतं."

किनाऱ्यावरच्या तारघरात मी रोमन अक्षरांत मराठी लिहिलं. आपट्याला, धाकटीच्या सासरच्या नावानं: पत्रं आज मिळाली, मी येते आहे. तिथला कारकून एकेक अक्षर बोटानं वाचत होता. दादाला मी काहीच पाठवलं नाही.

येते म्हटलं, पण येणार कशी? तिकीट संस्थेचं होतं, परतीचा दिवस ठरलेला होता. पुढचे सहा आठवडे मला त्याच बेटावर, त्याच माणसाबरोबर काढावे लागले. मी त्याच्या पंगतीला बसले नाही. म्हातारीबरोबर मासळी साफ करायचे आणि तिच्याबरोबरच स्वयंपाकघरात जेवायचे. ती मुलाशी काय बोलली मला माहीत नाही, पण तो एकदा दारात येऊन उभा राहिला आणि "माझं चुकलं" म्हणाला. मी खवले काढत होते. मान वर केली नाही. आजही केली नसती.

परत आले तेव्हा दादा हार घेऊन उभा होता. हार मी हातात घेतला आणि वहिनीकडे दिला. घरी पोचल्यावर त्याला एवढंच विचारलं, "मला तू यासाठी पाठवलंस?"

"तू असतीस तर ते लग्न झालं असतं का?" तो शांतपणे म्हणाला. लाज नाही, संकोच नाही. जणू एखाद्या अर्जावरचा शेरा वाचून दाखवावा. "चांगलं घर आहे. भाताची गिरणी आहे. तू तमाशा केला असतास."

आई चुलीपाशी होती. "मी काय करनार बाय," एवढंच पुटपुटली. मला तिचाही राग आला. तो बरीच वर्षं गेला नाही.

आठवड्यानं शाळेत माझा सत्कार होता. गावातली प्रतिष्ठित मंडळी, पुढच्या रांगेत दादा, इस्त्रीच्या कोटात. मी तळ्यांविषयी बोलायचं ठरलं होतं. मी तळ्यांविषयीच सुरू केलं आणि मग खणातल्या पत्रांचं सांगितलं. ती कुणाच्या सांगण्यावरून ठेवली तेही सांगितलं, पुढच्या रांगेकडे बोट करून. दादा उठून गेला. मुख्याध्यापिकांनी नंतर मला खोलीत बोलावून झापलं, घरचं धुणं इथे का धुतलंस म्हणून. मी म्हटलं, मुलींची शाळा आहे ना ही? त्याच महिन्यात मी बाजारापलीकडच्या गल्लीत एक खोली घेतली आणि घर सोडलं.

आपट्याला गेले तेव्हा मला वाटलं होतं, धाकटी गळ्यात पडेल. ती नदीवरून भांडी घेऊन येत होती. हिरवा चुडा, डोक्यावर पदर. मला बघून थबकली, पण जवळ आली नाही.

"तुझी तार आली," ती म्हणाली. "पोस्टमननं सासऱ्यांना वाचून दाखवली. ते म्हनले, लग्नाला म्हैना नाय झाला आन भैन कसली न्यायला येते? दोन दिस कोन बोललं नाय माझ्याशी."

मी पत्रांची हकिगत सांगितली. खण, म्हातारी, शिक्के, सगळं.

"तुझं कार्ड हळदीच्या दिवशी आलं, ताई. तू तळ्यात उडी मारली त्याचं. मी ते सगळ्यांसमोर वाचलं."

"अगं, मला ठाऊकच नव्हतं!"

"आसंल," ती म्हणाली. त्या एका शब्दात विश्वास नव्हता आणि अविश्वासही नव्हता. मी पाकिटं पिशवीतून काढून तिच्यापुढे धरली. तिनं हात लावला नाही. भांडी घेऊन आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली.

तार वेळेवर गेली असती तर लग्न थांबलं असतं, असं मी छातीठोक सांगत नाही. दादानं ती फाडूनही टाकली असती. पण कुणीतरी आपल्या बाजूनं ओरडतंय एवढं त्या पोरीला कळलं असतं. तेवढंही दोन पुरुषांनी, दोन देशांत बसून, अगदी सभ्यपणे काढून घेतलं.

बाई पुढे कितीतरी वर्षं पत्र लिहीत होत्या, मीही उत्तर द्यायचे. नवऱ्याचंही एक पत्र आलं, लांबलचक. ते मी वाचलं आणि उत्तर दिलं नाही. माफ कर, सोडून दे, असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांतल्या कुणाचीच पत्रं कुणी ठेवून घेतली नव्हती.

धाकटीनं चार वर्षांनी मॅट्रिकचा फॉर्म भरला, तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं. मला वाटलं, सासऱ्यांशी भांडायला मला बोलावील. मी वाटच पाहत होते, बोलायचं काय तेही ठरवून ठेवलं होतं. तिनं बोलावलं नाही. स्वतःच भांडली, स्वतःच सही मिळवली आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाला घेऊन एस.टी.नं माझ्या खोलीवर आली.

"केंद्र पनवेलला हाय," ती म्हणाली. "ह्याला उद्या दिवसभर सांभाळ. पेपरची वेळ झाली की मी जाईन. तू सोडायला येऊ नको."