शाळेपर्यंत ऐकू जाणारी मोट

माझा मुलगा शाळेत बसला त्या वर्षी अमरावतीत कापसाशिवाय दुसरं बोलणंच नव्हतं. समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती आणि त्यामुळे विलायतेला आमच्याकडचा कापूस हवा झाला होता, एवढंच आम्हाला कळलं होतं. तिवशाकडून, अंजनगावाकडून गाड्यांच्या रांगा यायच्या. रस्त्याकाठच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले असायचे. ज्यानं त्यानं जागा मिळेल तिथं कापूस पेरला. मी माळी माणूस, मी आपली वांगी, मिरची आणि कांदे लावत राहिलो. एवढे गाडीवान येतात तर त्यांना भाकरीबरोबर काही तरी लागणारच, असा माझा साधा विचार होता.

मुलाला शाळेत घालण्यामागेही याहून मोठा विचार नव्हता. कापसाच्या बाजारात गाडीवान उन्हात उभे असत आणि कारकून मांडवाखाली बसून लिहीत. आपला मुलगा सावलीत बसावा असं मला वाटलं. मला स्वतःला तेव्हा अक्षरओळख नव्हती. पुढं तो शिकला आणि त्यानं मला शिकवलं, तेव्हा या लिखाणात काही चुकलं असेल तर बोल माझ्या मास्तरला लावावा.

सरकारी शाळा नुकतीच निघाली होती आणि आमच्या बागेजवळच्या एका धर्मशाळेच्या ओवरीत भरत होती. बाग आणि शाळा यांच्या मध्ये फक्त एक पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, वावर होतं. दसरा झाल्यावर चांगला दिवस पाहून मी त्याला घेऊन गेलो. पाटीला गंधफूल वाहिलं, पोरांना गूळ-फुटाणे वाटले. त्यानं हात जोडले, आपल्या वाट्याचे फुटाणे खाल्ले आणि मी निघालो तसा माझ्या मागोमाग तोही निघाला. त्याच्या मते शाळा झाली होती.

हे पोरगं मोटेवर वाढलेलं. त्याच्या आधीची दोन आम्हाला लाभली नाहीत, म्हणून याला मी कधी नजरेआड होऊ दिलं नाही. बैल विहिरीपासून उतारानं खाली जाऊ लागले की मोट ओढणाऱ्या जाड दोरावर, नाड्यावर, मी बसायचो आणि माझ्या पुढ्यात तो. मागं विहिरीवरचं चाक कुरकुरायचं, भरलेली मोट वर यायची आणि पाणी दांडानं वाफ्यांकडे पळायचं. मी गाणं म्हणायचो ते बैलांसाठी, पण मान डोलवायचा तो. असं पोरगं भिंतीकडे पाठ करून बसवायचं म्हणजे त्याच्यावर जुलूमच होता, आणि माझ्यावरही.

पहिले काही दिवस तो रोज पळून आला. पऱ्हाटीतून वाट काढत यायचा आणि नाड्यावर चढायचा. मागून शाळेची मोठी पोरं यायची आणि त्याची उचलबांगडी करून न्यायची. तो ओरडायचा आणि मी बैलांकडे पाहत राहायचो. बैलांकडे पाहण्यासारखं काही नव्हतं, पण दुसरीकडे पाहवत नव्हतं.

एके दिवशी पंतोजी स्वतः बांधावर आले. पुण्याकडचे, हळू आवाजात बोलणारे. मी मोट थांबवली.

"बुवा," ते म्हणाले, "आता गावात ज्याला त्याला मुलगा शाळेत घालायचा आहे आणि ओवरी एवढीशी. हा पुन्हा उठून गेला, तर याची जागा मला दुसऱ्याला द्यावी लागेल. राग मानू नका."

राग कसला मानणार? खरंच होतं ते. त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र तो आला नाही. मी मोट हाकत पऱ्हाटीकडे डोळे लावून होतो, पण एक बोंड हललं नाही. संध्याकाळी शाळा सुटल्यावर आला तेव्हा मी विचारलं, "आज कसा बसला रे?"

"तुमची मोट आयकू येते तिथं," तो म्हणाला. "ते चाक कुरकुरते ना, मंग मले समजते का बाबा हायेत. तुमी मोट बंद नोका करजा."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. इलाज सापडला होता आणि तो माझ्या हातात होता. इतके दिवस मोट सकाळी आणि उन्हं उतरल्यावर चालायची. आता शाळा भरली की मी बैल जुंपायचो आणि शाळा सुटेपर्यंत सोडत नव्हतो. बैलांना दमवायचं नाही म्हणून मोट अर्धीच भरू द्यायचो. आवाज दूरवर जावा म्हणून चाकाच्या कण्याला तेल लावायचं सोडून दिलं. ते चाक असं केकाटू लागलं की झाडावरचे कावळे उठून गेले.

बायकोनं काही दिवस पाहिलं. मग एका दुपारी वांग्याच्या वाफ्यात उभी राहून म्हणाली, "वांगे पिवळे पडून राह्यले. कांदे तं सडलेच. एवढं पाणी कोनासाठी?"

मी खरं ते सांगितलं. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. चिखलातून पाय काढत म्हणाली, "शायेत पोराले घातलं का तुमाले, मले तं समजूनच नाही राह्यलं."

वांगी गेली तर खायचं काय, हेही खरं होतं. म्हणून मी दांडाचं तोंड मातीनं बुजवलं आणि पाणी परत विहिरीत जाईल अशी वाट करून दिली. विहिरीतून पाणी काढायचं आणि विहिरीतच सोडायचं. रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. त्यातला एक गाडीवान गाडी थांबवून बराच वेळ पाहत राहिला.

"माळीबोवा," तो ओरडला, "पानी धुऊन राह्यले का?"

"नवा बैल हाय," मी म्हणालो. "वळन लावून राह्यलो."

माझे दोन्ही बैल म्हातारे होते आणि हे आंधळ्यालाही दिसलं असतं. गाडीवानानं मान हलवली आणि गाडी हाकली. पुढं बाजारात मला त्यावरून पुष्कळ चिडवलं. मी चिडलो नाही. पोरगं शाळेत बसत होतं, मग लोकांनी मला वेडा म्हटलं तरी चालणार होतं.

संक्रांतीच्या सुमाराला एकदा दुपारी कणा मोडला. तेलावाचून लाकूड झिजत आलं होतं, ते कडकन गेलं. मोट धपकन विहिरीत पडली, नाडा सुटला, आणि एकदम सगळं गप्प झालं. मला पहिलं काय वाटलं असेल तर एवढंच, की तो उठला. आता तो पाटी टाकून पऱ्हाटीत शिरला असेल आणि पंतोजींनी त्याची जागा दुसऱ्याला दिली असेल. मी तसाच धावत सुटलो. वेचणी उरकलेल्या पऱ्हाटीची वाळकी बोंडं धोतरात अडकत होती. पंतोजींच्या पाया पडायचं, आज एक डाव माफ करा म्हणायचं, असं मी धावता धावता घोकत होतो. वावर संपलं तरी पोरगं कुठं दिसलं नाही.

तो ओवरीतच होता. भिंतीशी मांडी घालून, जिभेचं टोक बाहेर काढून पाटीवर काही गिरवत होता. मी धापा टाकत पायरीशी उभा राहिलो. पंतोजींनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोरांकडे पाहिलं. शेजारच्या मुलानं ढोसलं तेव्हा कुठं त्यानं मान वर केली.

"काहून आले बाबा?"

"मोट बंद पडली," मी म्हणालो.

"कवा?" त्यानं विचारलं आणि मी काही सांगायच्या आत तो परत पाटीवर वाकला.

त्याची जागा पक्की झाली होती. मला हवं होतं ते सगळं झालं होतं आणि मी खरोखर सुखावलो होतो. पण त्या पायरीवर मला रडू आलं, आणि पोरांनी पाहू नये म्हणून मी धर्मशाळेच्या मागच्या बाजूनं घरी गेलो.