पेशंटची खुर्ची

“इसको तो एक्टिंग भी नहीं करनी पड़ती,” मॅडम म्हणाल्या. “इन लोगों में दुख नैचुरली आता है।”

वर्ग हसला. मी पेशंटच्या खुर्चीत बसले होते. डोळे अजून ओले होते.

उत्तरेतल्या या शहरात, हजरतगंज भागातल्या आमच्या संस्थेत मानसोपचार शिकताना असा सराव करतात. एकीने पेशंट व्हायचं, दुसरीने थेरपिस्ट. ते बघून मॅडम ठरवणार होत्या, संशोधनाच्या प्रकल्पात खऱ्या पेशंटसमोर कुणाला बसवायचं. जागा एकच. मला दर वेळी पेशंट करायचे. थेरपिस्ट व्हायची गार्गी.

गार्गीही मराठीच. वडील बँकेत मोठे साहेब. माझे अण्णा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. माझ्या आडनावावरून मॅडमना काही कळलं नसतं. आम्ही कोण ते गार्गीने सांगितलं, चहा पिता पिता, सहज.

मी गार्गीवर जळायचे. तिच्या इंग्रजीवर, तिच्या सुती साड्यांवर, मान जराशी कलती करून “हूं” म्हणण्यावर. सगळ्यात जास्त तिच्या खुर्चीवर. घरी आरशासमोर मीही तशी मान कलती करून पाहिली. स्वतःचीच चीड आली.

त्या दिवशी सरावात मी अण्णांचंच सांगितलं होतं. आम्ही राहतो त्या वृंदावन योजना वसाहतीत मराठी मंडळींचा गणपती बसतो, गार्गीच्या घरचेही त्यात असतात. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून गेले. आरतीच्या वेळी त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही जरा चपलांकडे बघा. फौजी माणूस. आरती संपेपर्यंत बाहेर उभे राहिले. तेव्हापासून कुणाकडे जात नाहीत, ताटातलं अर्धं टाकतात. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. गार्गीने ऐकलं, “हूं” म्हणाली, आणि शाबासकी तिला मिळाली. आयत्या बिळावर नागोबा.

हसणं थांबल्यावर तिने माझ्या हातावर हात ठेवला. “तुला राग येतोय असं मला जाणवतंय,” शिकवलेल्या सुरात म्हणाली. माझा राग मला हीच समजावणार.

मी हात काढून घेतला आणि उभी राहिले.

“आता तू पेशंट हो.”

“अगं यार, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीये.”

“शोध.”

मी थेरपिस्टच्या खुर्चीत जाऊन बसले. मॅडम म्हणाल्या, टाइम हो गया. मी हलले नाही. त्यांनी माझं नाव घेतलं, आवाज चढवून परत घेतलं. मी बसूनच राहिले. शेवटी गार्गी समोरच्या खुर्चीत टेकली. मान कलती न करता मी विचारलं, “तुमच्या गणपतीत चपला कोण सांभाळतं?”

तिने मॅडमकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. पेशंट गप्प झाला की घाई करायची नाही, थांबायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी थांबले. या वेळी कुणी हसलं नाही.

प्रकल्पातली जागा गार्गीलाच मिळाली. तिला पेशंटच्या खोलीत जाताना पाहिलं की अजून पोटात दुखतं. दुखू दे. त्या दुखण्यावर मला कुणाचा इलाज नको. ती खोली मलाही हवी आहे, आणि मी ती मिळवणार. पेशंटच्या खुर्चीत मात्र त्यानंतर बसले नाही. मॅडमनी सांगून पाहिलं, गार्गीने समजावून पाहिलं. दोघींना एकच उत्तर दिलं: माझ्या अण्णांचं दुःख कुणाच्या सरावाला मिळणार नाही.