दसऱ्याला धुतलेली गाडी

झेंडूचा वास आला की मला आमची जुनी मोटारसायकल आठवते. एका वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांसाठी घास कापताना सुनेला साप चावला. शिरूरचा दवाखाना लांब, वस्तीवर दुसरं वाहन नव्हतं आणि मुलाची गाडी काही केल्या चालू होईना. हँडलला कालचा हार तसाच होता, टाकीवर हळदीकुंकू. "पेट्रोल तर हाय की!" म्हणत तो किकवर किक मारत होता आणि ओट्यावर बसलेल्या सुनेची सूज घोट्यावरून वर चढत होती. आमचे हे म्हणाले, "आधी देवाचा अंगारा लावा." मी म्हणाले, "अंगाऱ्यानं गाडी चालू व्हनार हाय का?" तेवढ्यात सूनच नवऱ्यावर ओरडली, "आवं, काल पूजेला विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपानं धुतलीय तुम्ही! प्लगात पाणी गेलं आसंल, पुसा की आधी!" त्याने प्लगची टोपी ओढली, तर आतून पाणी गळालं. मी ती पदराने कोरडी केली. पुढच्या किकला गाडी फुरफुरून चालू झाली. सुनेला मधे घेऊन मी मागे बसले, तिला घट्ट धरून. दवाखान्यात वेळेत पोचलो आणि ती वाचली. आता दसऱ्याला गाडीला हार तीच घालते; पाण्याचा पाइप मात्र कुणाच्या हाती देत नाही.