पेपर तपासणारं मशीन

असे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, कुसळासारखे कपड्याला चिकटून घरी येतात. आमच्या रिसोडच्या कॉलेजात संशोधनाचा पेपर पाठवण्याआधी सॉफ्टवेअरमधून काढावा लागतो. उचललेला मजकूर, खोटे आकडे, फोटोतली हातचलाखी, सगळं ते पकडतं. आम्ही त्याला नुसतं 'मशीन' म्हणतो. चालवतो मी, ग्रंथपाल. खरं सांगतो, सुरुवातीला मला त्याचं फार कौतुक होतं!

*

पहिला बळी वनस्पतिशास्त्राचे देशमुख सर. मशीननं त्यांचं आभाराचं पान सबंध लाल केलं. आमच्याकडे सगळेच एका जुन्या थिसिसमधून आभार उतरवतात, नावं तेवढी बदलायची.

सर भडकले, "मायबापाचे आभारबी चोरीचे काय गा?"

मी म्हटलं, "सर, मायबापाची नावं बदलायची राहिली!"

*

मग सरांच्या सोयाबीनच्या उंचीचे आकडे अडकले. सर झाडं वितीनं मोजतात आणि घरी येऊन सेंटिमीटर करतात!

"वीत काय खोटी असते?" असं म्हणत ते केनवडच्या शेतात गेले आणि टेपनं मोजून आले. या वेळी शेरा आला, 'मोजमाप दोन व्यक्तींनी केले आहे.'

सर एकटेच गेले होते.

*

पुढचा पेपर सरांनी फोनमध्ये बोलून टाइप केला. मशीन म्हणालं, 'हे माणसाने लिहिलेले वाटत नाही.'

सरांनी घरी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मी तं लग्नापासून हेच सांगून राह्यली!"

*

एकदा सरांकडून चुकून कोरीच फाइल चढली. एक अक्षर नाही. रिपोर्ट आला, पूर्ण चोरी! आम्ही पोट धरून हसलो. मग मूळ लेखाचा रकाना पाहिला. तिथे लेखकाचं नाव नव्हतं. एवढंच होतं, 'लेखन चालू आहे.'

"कोन लिहून राह्यलं मंग?" सरांनी हळूच विचारलं. मी संगणक बंद केला.

*

आता वैशाली मॅडमचं. पेपर तपासायला आणला त्याच दिवशी पीएचडीची मुदत संपत होती. पेपर गेला नाही तर सगळी वर्षं पाण्यात आणि नोकरीही गेली. मॅडम शिरपूरकडच्या प्रयोगाच्या प्लॉटवर एकट्याच जायच्या, रोपांचे फोटो काढायच्या. मशीननं प्रत्येक फोटोच्या कडेला एक लाल चौकट आखली आणि खाली लिहिलं, 'सर्व चित्रांत एकच व्यक्ती.'

आम्ही डोळे फाडफाडून पाहिलं. शेताच्या कडेचा धुरा होता, माती होती. माणूस नव्हता.

मी कडा कापून फोटो पुन्हा टाकले. चौकट आत सरकली, रोपांजवळ आली. पुन्हा कापले. ती आणखी आत. भरदुपार होती, बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, तरी मला भीती वाटायला लागली.

"काहून मागं लागलं असन हो सर हे?" मॅडमनी विचारलं.

शेवटी प्लॉटचे सगळे फोटो काढून टाकले. राहिला फक्त लेखिकेचा पासपोर्ट फोटो. रिसोडच्या स्टुडिओतला, मागे पांढरा पडदा. रिपोर्ट आला. लाल चौकट मॅडमच्या खांद्याला लागून होती.

मी फोटो कापायला माउस धरला. मॅडमनी माझा हात अडवला.

"नका कापू सर. आता कापाले जागा नाई उरली."

आणि त्यांनी स्वतःच सबमिट दाबलं.