जिबुतीतली मेणबत्ती

शुक्रवार, १४ एप्रिल १९९५. जिबुती बंदर. आभाळ पांढुरकं, दमट उकाडा, समुद्रावरून सुसाट वारा.

किस्से वाळूसारखे असतात. बहरीनमध्ये, मुहर्रकच्या आमच्या खोलीत रोज झाडलं तरी कोपऱ्यात वाळू साचायचीच! हे किस्से त्या एका दिवसाचे.

तिथल्याच हिद्दच्या ड्राय डॉकमध्ये दुरुस्त होऊन निघालेल्या तेलाच्या टँकरवर उरलेलं काम संपवायला कंपनीनं आम्हा तिघांना पाठवलं होतं: नागपूरचा इलेक्ट्रिशियन गजभिये, गुहागरचा फिटर दत्ताराम आणि मी, स्टोअरकीपर. चौदा तारखेच्या आत बहरीनला परतू, या भरवशावर गजभियेनं मेणबत्त्या बरोबर घेतल्या नव्हत्या. जहाज रेंगाळलं. कळायला लागल्यापासून त्याची एकही भीमजयंती चुकली नव्हती.

*

सकाळी तो चीफ ऑफिसरकडे मेणबत्ती मागायला गेला. टँकरवर! पंजाबी साहेब शांतपणे म्हणाला, "भाई, यहाँ जलाई तो अगले साल से हम सब की पुण्यतिथि मनेगी!"

मग त्यानंच आम्हाला पाचपर्यंत किनाऱ्यावर सोडलं.

*

गावात सगळी दुकानं बंद. शुक्रवारची सुट्टी!

दत्ताराम उन्हासाठी सेफ्टी हेल्मेट घालूनच फिरत होता. म्हणाला, "एवढा समुद्र ओलांडून आलो, तर पुढ्यात पुन्हा मुहर्रकच!"

*

टॅक्सीवाला दुकान दाखवतो म्हणाला. अर्ध्या वाटेत एक गाडी हॉर्न वाजवत आली आणि तिच्यातल्या, नशेसाठी चघळायच्या हिरव्या पाल्याच्या जुड्यांसाठी अख्खा रस्ता धावत सुटला. आमचा ड्रायव्हरही! गालात पाला कोंबून परतला, सीट मागे पाडली आणि म्हणाला, "खलास."

आम्ही उतरून चालू लागलो. दत्तारामला हसू आवरेना.

"काऊन हसतो बे? माझी जयंती चालली!"

"मेल्या, मेणबत्ती नाही मिळाली तर बल्ब लाव. इलेक्ट्रिशियन ना तू?"

गजभिये झपाझप पुढे निघाला. दत्तारामचं हसू थांबलं.

*

एका अर्धवट शटरखाली येमेनी म्हातारा सापडला. मेणबत्त्या होत्या!

"कोण वारलं?" त्यानं अरबीत विचारलं.

"मफी, मफी! कोणी नाही! बर्थडे!" दत्ताराम घाईनं म्हणाला.

"कुणाचा?"

गजभियेनं खिशातला फोटो पुढे केला. म्हाताऱ्यानं कोट, टाय, चष्मा निरखला.

"डॉक्टर?"

"हो," गजभिये म्हणाला. "आमचे डॉक्टर."

म्हाताऱ्यानं वर एक काडेपेटी ठेवली.

*

बंदराच्या फाटकाबाहेर, कठड्याच्या आडोशाला गजभियेनं फोटो ठेवला. मेणबत्ती पेटली की वारा विझवायचा. पुन्हा काडी, पुन्हा वारा. पाच वाजत आले, काड्या संपत आल्या. गजभिये घाईघाईनं काड्या ओढू लागला.

दत्तारामनं हेल्मेट काढलं, फोटोसमोर आडवं धरलं आणि गुडघे टेकून बसला.

"ह्याच्या आत लाव. आणि घाई नको करू."

जहाजाचा भोंगा झाला. कोणी उठलं नाही. गजभियेनं त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, सावकाश, घरी म्हणतो तसं. जहाजाची शिडी, गँगवे, उचलायच्या आत आम्ही पोचलो.

हेल्मेट आतून काळं झालं होतं. हिद्दला परतल्यावर मी स्टोअरमधून नवं काढून दिलं. दत्तारामनं ते घेतलं नाही.